रुमालाखालचा भाव

अमडापूरच्या बाजारात एक तांदूळवाला बसायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. धंदाच तसा होता. सरकारनं तांदळाचा भाव बांधून दिला होता. कंट्रोलच्या दुकानाबाहेर पाटीवर भाव होता, आत तांदूळ नव्हता.

माझी बायको आजारी होती. पेजेशिवाय तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. मी त्याला भाव विचारला. त्यानं खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला आणि बैलबाजारातले दलाल करतात तशी खालून माझी बोटं दाबली. भाव कळला तसा मी हात मागं ओढला.

"तोंडानं सांग ना बे!"

"तोंडानं सांगतला तं गुन्हा होते, पाटील."

"पाटीवर तं स्वस्त हाये."

"हाव, लय स्वस्त हाये. त्या भावात भेटला तं मलेही आणा."

तो हसला नाही. मी तांदूळ घेतला.

पेज समोर ठेवली तर बायकोनं विचारलं, "केवढ्याले आणला?"

"कंट्रोलच्या भावानं."

ती बैलांच्या दलालाची लेक. तिनं माझा हात गोधडीखाली ओढला. "आता सांगा."

मी खरा भाव दाबला. माझी बोटं तिनं बराच वेळ सोडली नाहीत.

आता ती नाही. भाव बांधावा की मोकळा सोडावा, यावर पारावर अजून भांडणं होतात. त्या तांदूळवाल्याला सगळे काळाबाजारवाला म्हणतात. असेल. त्या पेजेची वाटी तिनं पुसून खाल्ली होती.