मालकांची हाळी

“दावं? माझ्या म्हशींच्या गळ्यात दावं?” बायडाबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहून ओरडत होती. “तुझ्या आज्याला लंगोट नेसाय येत न्हवता, तवापासनं आमच्या म्हशी ह्या गल्लीतनं मोकळ्या पळत्यात!”

“त्येच म्हनतोय मावशी, पळत्यात,” रशीद म्हणाला. मागे तालमीतले चौघे उभे. अंगावरची माती अजून झडली नव्हती. “काल खैरुनबीची बांगड्यांची पाटी गटारात गेली. हात मुरगळला त्यो येगळाच. उद्या एखादं रांगतं पोर पायाखाली सापडंल. दावं लावल्याबिगर तालमीत तुमचं दूध घेणार न्हाय.”

“माझ्याच दुधावर दंड फुगवलासा आन् मलाच दाखवताय व्हय रं मुडद्यांनो!”

“आई, खरं हाय त्यांचं,” आतून ज्ञानू म्हणाला.

“तू जा गिरणीत. भोंगा व्हईल.”

महाराजांच्या राज्यात कुस्तीला बरे दिवस आलेले. पेठेत तालमीच्या शब्दाला वजन होतं. तरी दुधाचं तिला फारसं वाटत नव्हतं. गिऱ्हाईक दुसरं मिळालं असतं. पण दाव्यानं ओढत नेलेली म्हैस म्हणजे गवळ्याची नाचक्की. नवरा होता तोवर तो पुढे पळत हाळी द्यायचा आणि चारही म्हशी वळणावर त्याच्याबरोबर वळायच्या. तो गेल्याला दोन वर्षं झाली. आता चौकात गिऱ्हाइकांसमोर धारा काढून झाल्या की घरी बांधलेल्या रेडकांच्या ओढीनं म्हशी आपल्याआपण घराकडे उधळायच्या, आणि ही दुधाच्या चरव्या सांभाळत मागून.

“आमी रोज रंकाळ्यापतोर पळतोयच की,” रशीद जरा नरमला. “त्यापरास पाळीपाळीनं म्हशींच्या म्होरं पळतो.”

“कुणाच्या बी मागं जायाला म्हस काय वऱ्हाडी हाय? हाळी लागती.”

“मग शिकवा.”

तिनं दार आपटलं.

दुपारी सामसूम झाल्यावर ती गोठ्यात गेली. तीस वर्षं रोज ऐकलेली हाळी. तोंडातून कधी काढली नव्हती. बाईमाणसानं हाळी द्यायची रीत नव्हती. इकडेतिकडे बघून तिनं घसा मोकळा केला. पहिल्यांदा नुसता चिरका आवाज निघाला. दुसऱ्यांदा नवऱ्यासारखा शेवट लांबवला, तशी म्होरकी चंद्री रवंथ सोडून ताडकन उभी राहिली. बायडाबाईला हसू फुटलं. डोळेही पुसावे लागले.

खैरुनबीच्या हाताला हळदीचा लेप लावून आणि तालमीत निरोप देऊनच ती दिवेलागणीला घरी आली. ज्ञानू जेवायला बसला होता, सून शांतव्वा वाढत होती.

“उद्या पहाटं पोरं येनार हाईत,” बायडाबाई म्हणाली. “मालकांची हाळी मी त्यास्नी शिकवनार. म्हशीला दावं लागनार न्हाय.”