कंपाउंडरांचा शेवटचा पेशंट

तिसऱ्या मजल्यावरच्या कंपाउंडरांनी दवाखाना सोडून बारा वर्षं झाली, पण दवाखान्याने काही त्यांना सोडलेलं नाही. सरबताची बाटलीसुद्धा ते आधी हलवतात, मग उजेडाकडे धरून बघतात. दारात पाहुणा उभा राहिला की "या" म्हणायच्या आधी तोंडातून निघतं, "कधीपासून?"

एकतीस वर्षं औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवून घरी आणण्यासारखी वस्तू एकच मिळाली, ती म्हणजे सीडी प्लेअर. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी तो आपल्या हाताने खोक्यातून काढला, वर बासरीची एक सीडी ठेवली आणि म्हणाले, "लोकांचं कण्हणं पुष्कळ ऐकलंत, कंपाउंडर. आता हे ऐका." दोन वर्षांनी डॉक्टर गेले. आता प्लेअरही त्याच वाटेवर होता.

लक्षणं गंभीर होती. सीडीचा खण कुरकुरत बाहेर यायचा आणि आत जायचं नाव काढायचा नाही. ढकलून आत घातलाच, तर सीडी थोडा वेळ घुं घुं फिरायची आणि हिरव्या अक्षरांत उत्तर यायचं: नो डिस्क.

"आहे की! आत्ता तर घातली तुझ्या पोटात!" कंपाउंडर ओरडायचे.

"अहो, भांडताय कुणाशी?" आतून बायको विचारायची. "माझ्याशी महिनाभरात एवढं बोलला नाहीत."

शेवटी बायकोने निकालच लावला. "येत्या रविवारी जावई नवं यंत्र आणतायत. पेरूएवढं आहे, फोनवरून वाजतं. त्यांच्यासमोर तुमच्या या पेटीने एक सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाजवली, तर ती राहील. नाहीतर त्यांच्याच गाडीतून भंगारात. मला कपाटावरची जागा हवीय."

"काय ठेवायचंय तिथे?"

"काही नाही. नुसती मोकळी बघायचीय."

आता डॉक्टरांची आठवण भंगारात जाणार म्हटल्यावर कंपाउंडर कसले स्वस्थ बसतात! सोमवारी त्यांनी वायर काढून झाकण उघडलं. खण ओढणारा रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा सैल पडला होता. गोळ्यांच्या पाकिटाचं रबर लावून बघितलं, ते तासाभरात तुटलं. मग बाजार पालथा घालून बरोबर मापाचा पट्टा आणला. खण शहाण्यासारखा आत-बाहेर करू लागला. मंगळवारी सीडी पुसली, तीही मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. इथपर्यंत माणसाला नावं ठेवायला जागा नाही.

राहिलं ते मसुराएवढं भिंग. तिथे मात्र कंपाउंडरांनी आपलं ब्रह्मास्त्र काढलं: दवाखान्यातलं स्पिरिट. साधं नव्हे. इंजेक्शनआधी लावलं की कातडी कोरडी पडू नये, म्हणून ते त्यात थोडं ग्लिसरीन घालत. या मिश्रणाचा त्यांना इतका अभिमान, की सुईचा विषय निघाला की ते लोकांच्या दंडांची आठवण काढत. "कुणाचा दंड कधी चुरचुरला? विचारा कुणालाही!"

ते मिश्रण कापसाने भिंगाला लावलं आणि सीडी वाजली! तीन सुरावटी वाजल्या. बुधवारी दोनच. कंपाउंडर म्हणाले, "डोस कमी पडतोय," आणि सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. गुरुवारी एक. शुक्रवारी दुपारी जेवणानंतरचाही डोस दिला आणि पेशंटने डोळे मिटले. नो डिस्क.

शनिवारी प्लेअर चादरीत गुंडाळून ते सोल्डरबाईकडे गेले. जिन्याखालच्या टीचभर दुकानात ही बाई तीस वर्षं रेडिओ, टेप, पंखे उघडत बसलेली. जिभेला मात्र झाकण नाही. तिने टॉर्च मारून भिंग बघितलं, मग कापसाची काडी त्यावर फिरवून बोटांत चोळली.

"काय लावता याला?"

कंपाउंडरांनी छाती पुढे काढून कृती सांगितली. प्रमाणासकट.

सोल्डरबाईने काडी खाली ठेवली. मग इतकी हसली की टेबलावरचे स्क्रू खाली सांडले. "अहो कंपाउंडर, भिंगाला कातडी असते का? तुमचं ग्लिसरीन बसलंय त्याच्यावर साय धरून. त्याच्यावर धूळ चिकटली, की तुम्ही पुन्हा साय चढवता. याला रोग असा काही नव्हताच. थोडी धूळ होती. आजारी पाडलंत ते तुम्ही!"

"पण एकतीस वर्षांत एकही तक्रार..."

"दंड बोलला असेल चांगलं. हा नाही बोलत."

तिने काहीही न मिसळलेल्या अल्कोहोलचे दोन थेंब काडीवर घेतले, भिंग अलगद पुसलं, वाळू दिलं. "आता महिनोन् महिने हात लावायचा नाही. धुळीसाठी वर कापड टाका, आणि हवेच्या जाळीवर काही ठेवू नका. तुमच्यापासून वाचला, तर अजून दहा वर्षं जाईल."

रविवारी जावई आले, पाठोपाठ शेजारपाजारही आला. असा तमाशा कोण सोडतो! बायकोने कंपाउंडरांना खुर्चीत बसवलं. "हात मांडीखाली. उठलात तर हरलात."

पहिली सुरावट, दुसरी, पाचवी, आठवी. कंपाउंडर मनातल्या मनात मोजत होते. नवव्या सुरावटीच्या मध्यावर बासरी एकदम थांबली. कंपाउंडर अर्धे उठले, हात खिशातल्या कापसाकडे गेला.

"बसा!" बायको कुजबुजली. "वाजवणारा दम घेतोय. तिथे तो नेहमीच थांबतो."

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही स्क्रू पिळत असता तेव्हा मी ऐकत असते."

आणि खरंच, बासरी पुन्हा हलकेच सुरू झाली. कंपाउंडर खाली बसले. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते काही न उघडता, काही न पुसता ऐकत होते. शेवटचा सूर विरला तेव्हा जावयांनी टाळी वाजवली.

"जिंकलात, बाबा. पण हेही राहू द्या," म्हणत त्यांनी पेरूएवढं यंत्र सासऱ्यांच्या हातात ठेवलं.

कंपाउंडरांनी ते उलटंपालटं केलं, कानाशी नेऊन हलवलं. "याचं झाकण कुठून उघडतं?"

"उघडतच नाही, बाबा."

"अरेरे! मग दुखलं-खुपलं तर बघायचं कसं?" म्हणत ते नखाने फट शोधू लागले.

बायकोने यंत्र काढून घेतलं आणि जावयांच्या खिशात परत घातलं. "न्या हो हे. दोन पेशंट म्हणजे यांना पुन्हा दवाखाना थाटल्यासारखं होईल."