सिताबाईची मुक्कामाची अट

मुरुमच्या बाजारात सिताबाई येताना दिसली की जनावरांचे दलाल आपली एखादी शेळी हळूच गर्दीच्या मागे सरकवतात. ही काही मारकुटी बाई नव्हे. अंगाने काटक, कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घोंगडी, आणि कुणाशीही बोलताना पहिला शब्द ‘माउली’. पण त्या माउलीच्या पाठोपाठ ती जी अट घालते, ती दलालांना सोसत नाही.

बाजारातली एक लबाडी जुनी आहे. आदल्या दिवसापासून शेळीची धार काढायची नाही, करडाला तिच्याजवळ फिरकू द्यायचे नाही. दूध साचत जाते, कास तटतटून फुगते, आणि बाजारात उभी केली की ती शेळी साक्षात कामधेनू भासते. भोळा माणूस भुलतो, भाव देतो, घरी नेतो. पहिल्या धारेला भांडे भरते. दुसऱ्या धारेला भांड्याचा तळ झाकत नाही. सिताबाई अशी कास पाहते, शेळीच्या पाठीवर मायेने हात फिरवते आणि म्हणते, “माउली, शेळी लई चांगली हाय. आज माझ्या दारात बांध. आत्ता पिळू, सकाळी परत पिळू. तू बी मुक्कामाला ये. भाकरी माझी, घोंगडी माझी. सकाळची धार बघून पैसं देते.”

खरा असतो तो येतो. असे मुक्कामाला आलेले दोन-तीन शेळीवाले आज तिच्या घरचे पाहुणे झाले आहेत. लेकीबाळींच्या लग्नाला पत्रिका धाडतात. खोटा असतो त्याला नेमके त्याच संध्याकाळी घरचे काम आठवते.

ही अट तिने बाजारात शिकलेली नाही. ती परकराच्या वयात असताना तिच्या गावची, सास्तूरची, घरे भूकंपाने भुईसपाट केली. त्या दिवसांत गावात देणारे पुष्कळ आले. ढिगाऱ्यापुढे उभे राहून मोठे शब्द बोलणारे आले आणि दिवस कलला तसे गाडीत बसून गेले. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, त्याच चिखलात, त्याच थंडीत, गावकऱ्यांच्या शेजारी अंग टाकणारेही आले. त्या पोरवयात एक गोष्ट तिच्या काळजावर कोरली गेली: शब्द कुणीही देतो; मुक्काम करणारा निराळा.

यंदा सप्ताहाच्या तोंडावर तिची ही अट शेळीसाठी नव्हे, तर मोबाइलच्या इंटरनेटसाठी लागली. आणि ती अट घालताना निम्मा गाव तिच्या विरोधात उभा होता.

झाले असे. विठ्ठल मंदिरापुढच्या लिंबाखाली एका सकाळी रंगीत छत्री उभी राहिली. छत्रीखाली टेबल, टेबलावर सिमकार्डांचा ढीग आणि अंगठा घ्यायचे यंत्र. मागे फलक: एकदाच पैसे भरा, वर्षभर अमर्याद इंटरनेट वापरा. विकणारा तरुण शिवशंकर नावाचा. गोरागोमटा, गोड बोलणारा, गळ्यात नवी कोरी तुळशीची माळ. आल्या आल्या तो थेट मंदिरात गेला आणि भजनी मंडळाचे वीणेकरी अण्णाराव यांच्या पायांवर त्याने डोके ठेवले. माळकऱ्याने पाय धरले म्हणजे माळकऱ्याने उलट त्याचे पाय धरायचे, ही आपली रीत. अण्णारावही वाकले. आणि ज्याच्या पायाला आपण हात लावला, त्याच्यावर संशय कसा घ्यावा? साधा माणूस तिथेच बांधला जातो.

अण्णारावांना त्या सिमचा मोह पैशासाठी नव्हता. त्यांची बायको उमाबाई कमरेचे हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. लग्न होऊन या गावात आल्यापासून तिचा एकही सप्ताह चुकला नव्हता. यंदा मंदिरातले कीर्तन मोबाइलवरून तिच्या उशाशी पोहोचवायचे, आणि गावातल्या प्रत्येक पडलेल्या जिवापर्यंत पोहोचवायचे, एवढीच म्हाताऱ्याची आस. म्हणून त्यांनी मंदिराच्या भोंग्यावरून हाळी दिली: “गावकरीहो, देवानंच माणूस धाडलाय. सगळ्यांनी लाभ घ्यावा!”

रांग लागली. नारळ फोडायचा पहिला मान जसा वीणेकऱ्याचा, तसा अंगठ्याचाही पहिला मान अण्णारावांचा ठरला. त्यांनी हात धुतले, यंत्राला नमस्कार केला आणि अंगठा ठेवला. शिवशंकर म्हणाला, “अण्णा, बरोबर उमटला नाही, परत ठेवा.” त्यांनी परत ठेवला. “अजून एकदा, अण्णा. कष्टाचा हात आहे, रेघा झिजल्यात.” कष्टाचा हात म्हटल्यावर अण्णारावांची छाती फुगली आणि त्यांनी तिसऱ्यांदा अंगठा ठेवला.

सिताबाई तोवर शेळ्या रानात घालून परतली होती. बचतगटातल्या बाया छत्रीपासून चार हात लांब थांबून तिचीच वाट पाहत होत्या. शेळी घ्यायची तर सिताबाईची मान हलल्याशिवाय या बाया पदराची गाठ सोडत नाहीत. आज त्यांचे अंगठे तिच्या मानेच्या होकारावर थांबले होते. आणि तिचा स्वतःचाही जीव अडकला होता. तिच्या मोबाइलच्या नंबरावर सोलापूर-हैदराबादकडची गिऱ्हाइके शेळ्यांचे व्हिडिओ मागवीत. बँकेचे खाते त्याच नंबराला जोडलेले. शिवशंकर म्हणत होता, जुना नंबर याच कंपनीत आणा, तरच अमर्याद.

तेवढ्यात शेजारची चांगुणा पुढे सरसावली. लेकाच्या शिकवणीसाठी तिला इंटरनेट हवे होते, आणि धीर धरणे हा तिचा स्वभाव नव्हे. तिने अंगठा ठेवला. यंत्र चिवचिवले, हिरवा दिवा लागला.

“मावशी, नाही उमटला. परत ठेवा,” शिवशंकर म्हणाला.

सिताबाईने चांगुणेचा हात वरच्या वर धरला. “थांब ग. हिरवा दिवा लागला की आत्ता. म्या बघितला.”

“मावशी, तो दिवा चार्जिंगचा.”

“मग मघापासून का लागला न्हाय? अंगठा ठिवला की लागतोय, उचलला की जातोय. चार्जिंग काय चांगुणेच्या अंगठ्यातून चालतंय व्हय?”

बाया हसल्या. शिवशंकरही हसला, पण त्याने यंत्र आपल्याकडे ओढून घेतले, आणि ते ओढणे सिताबाईने पाहिले. ‘शेळी मागे सरकली,’ ती मनाशी म्हणाली.

“माउली,” तिने विचारले, “ही ऑफर कंपनीच्या ॲपात दिसती का?”

“ही खास खेड्यांसाठी आहे, मावशी. ॲपवर नसते.”

“मग कंपनीच्या दुकानात मिळंल? लोहाऱ्याला हाय दुकान.”

“दुकानदारांना कमिशन मिळत नाही, म्हणून ते नाही म्हणतात. आणि ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे हं.” त्याने आपला मोबाइल पुढे धरला. त्यावर कुठलेसे कीर्तन झरझर चालले होते. “बघा, कसं पळतंय!”

सिताबाईने ते क्षणभर पाहिले. “पळतंय खरं. बाजारात उभी केल्यावर सगळ्यांचीच कास भरलेली दिसती. सकाळची धार कोण दावणार?”

आता बलभीम पुढे झाला. गावात पानटपरी त्याची आणि जीभही टपरीसारखीच, कायम उघडी. “आली शेळी मधे! अगं सिताबाई, ह्याला सड नसतेत, टावर असतोय! शेळ्या राखता राखता आता टावर राखाया लागलीस का?”

“तू पान लाव, बलभीमा. चुना जास्त व्हतोय तुझ्या पानात, इथं नगं लावूस.”

हशा पिकला, पण अण्णाराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. सगळ्या गावासमोर त्यांनी ज्याचे पाय धरले, त्याच्यावरच ही बाई बोट रोखत होती.

“सिताबाई, देवाच्या दारात येऊन भांडण? सप्त्याच्या कामात आडवी येतीस? माझी उमा तिकडं कीर्तनासाठी झुरतीय, आणि तू...”

सिताबाई मनातून हलली. उमाबाईने तिला पोटच्या लेकीसारखे वागवले होते. सप्ताहात पहिल्या पंगतीला जवळ बसवून घेतले होते. समजा, खरोखरच खरे असले तर? आपल्या हट्टापायी त्या माउलीचे कीर्तन बुडाले तर? तिने मंदिराकडे पाहिले. आतल्या सावळ्या मूर्तीपुढे समई शांत जळत होती. मग तिने पदर खोचला.

“अण्णा, पाया पडते तुमच्या. पण देवाच्या दारात हाय म्हणूनच बोलते. रानात असते तर निघून गेले असते. तुमी भोंग्यावरून सांगितलं, म्हणून या बाया आल्या. अंगठा त्यांचा जाईल, आणि वाट तुमच्या शब्दानं दावलेली असंल. म्हणून आज म्या हलणार न्हाय.”

ती छत्रीपुढे उभी राहिली, काठी रोवून, अशी की तिला ओलांडल्याशिवाय टेबलापाशी कुणाला जाता येऊ नये. मग ती शिवशंकराकडे वळली आणि तिचा आवाज मऊ झाला.

“माउली, तुझं खरं असंल तर आमच्या गावाचं भाग्य. एक सिम चालू करून अण्णांच्या फोनात घाल, आन् आज आमच्याकडं मुक्काम कर. सप्त्याच्या तयारीची पंगत हाय, पोटभर जेव. मंडपात झोप, घोंगडी माझी घे. सकाळी उमाबाईच्या उशाशी काकडा ऐकू आला की सगळा गाव तुझ्यापुढं अंगठा धरंल. पैली मी. पैसं बी रोख. बोल, ऱ्हातोस का?”

गर्दीने शिवशंकराकडे माना वळवल्या. ही अट गावाला ठाऊक होती. मुरुमच्या बाजारात तिच्यामुळे किती गिऱ्हाइके वाचली, किती फसवे उघडे पडले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. बलभीमसुद्धा म्हणाला, “व्हय की. यात काय वाईट हाय? ऱ्हा की पाव्हणं. पान माझ्याकडून फुकट.”

“मला... संध्याकाळी उमरग्याला पोहोचायचंय.”

“मग उद्या ये.”

“ऑफर आजच आहे.”

“मग सिम अण्णांकडं ठिवून जा. पैसं सकाळी नेशील.”

“तसं चालत नाही, मावशी. घरी आई आजारी आहे.”

“आत्ता उमरगा व्हता, आत्ता आई आली,” चांगुणा म्हणाली. “अजून जरा उभं ऱ्हायलं तर घरी लगीनबी निघंल.”

शिवशंकर घाम पुसत म्हणाला, “चहा घेऊन येतो.” चहाला निघताना कुणी सिमांचा ढीग आणि यंत्र पिशवीत भरून नेत नाही. त्याने नेले. बलभीम ओरडत त्याच्यामागे धावला, पण मोटारसायकल फाट्याच्या दिशेने वळलेली होती. लिंबाखाली छत्री आणि टेबल तेवढे उरले.

अण्णाराव त्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. मग आपल्या अंगठ्याकडे. “म्या तर तीनदा ठिवला,” ते पुटपुटले. “मान म्हणून ठिवला.”

त्या वेळी सिताबाईला चार शब्द सुनावता आले असते. तिने सुनावले नाहीत. “चला अण्णा, चांगुणे तू बी चल. आत्ताच लोहाऱ्याला जाऊ,” एवढेच म्हणाली.

लोहाऱ्याच्या दुकानातल्या मुलीने सरकारचे संकेतस्थळ उघडून दिले. आपल्या नावावर कोणकोणती सिम चालू आहेत, ते त्यावर दिसते. अण्णारावांच्या मोबाइलवर ओटीपीचे आकडे आले, ते मोठ्याने वाचू लागले, तशी ती मुलगी घाईने म्हणाली, “आजोबा, हे आकडे कुणालाच सांगायचे नसतात. मलासुद्धा नाही. तुम्हीच दाबा.” अण्णारावांनी एकेक आकडा स्वतः दाबला. त्यांच्या नावावर असे नंबर निघाले, जे त्यांनी जन्मात कधी पाहिले नव्हते. ‘परत ठेवा’ म्हणून घेतलेल्या प्रत्येक अंगठ्यावर एक सिम उघडले गेले होते. त्या नंबरांवरून उद्या कुणाला फसवणारे फोन गेले असते, तर पोलीस वीणेकऱ्याच्या दारी आले असते. ‘हा माझा नाही’ असे प्रत्येकापुढे नोंदवताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. चांगुणेच्या नावावर परका नंबर नव्हता. तिचा अंगठा एकदाच गेला होता, तरी पुढे लक्ष ठेवायचे तिने मनाशी पक्के केले.

परतताना अण्णाराव म्हणाले, “सिताबाई, त्याच्या गळ्यात माळ व्हती गं.”

“माळ खरीच असंल, अण्णा. माळंचा काय दोष? पण तुमी पाय धरलं ते माळंचं. अंगठा दिला तो त्या माणसाला. ते दोन येगळं ठिवायचं.”

त्या दुकानातून अण्णारावांनी साधा रिचार्ज मारून घेतला होता. ॲपात दिसणारा, पावती मिळणारा, आणि रोजची हद्द असलेला. सप्ताह सुरू झाला. मंदिरात कीर्तन दाखवायला एक मोबाइल बसवला, आणि उमाबाईच्या उशाशी अण्णारावांचा मोबाइल उभा केला गेला. टाळांचा गजर खोलीत भरला, आणि पडल्या पडल्या तिने हात जोडले. पण पहिल्याच दिवशी कीर्तन रंगात आले, बुवांनी उत्तरार्धाला हात घातला, आणि चित्र थबकले. रोजचे इंटरनेट संपले होते.

उमाबाई कासावीस झाली. “सिते, गेलं गं!”

“गेलं न्हाय, हद्द आली,” सिताबाई म्हणाली. “जेवढं सांगितलं व्हतं तेवढं दिलं त्या रिचार्जनं. खोटं न्हाय बोलला.” तिने आपला मोबाइल काढला, त्यावरचे इंटरनेट उशाशी असलेल्या मोबाइलला जोडून दिले आणि भिंतीला टेकून बसली. टाळ पुन्हा वाजू लागले. सप्ताहभर ती रोज अशीच येऊन बसली, समोर कीर्तन आणि मांडीवर उमाबाईचा हात घेऊन.

काल्याच्या दिवशी भजनी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा एक निरोप आला. सहा महिने फुकट अमर्याद इंटरनेट, खालच्या दुव्यावर बोट ठेवा, आजचा शेवटचा दिवस. कुठल्या तरी परगावच्या भक्ताने भक्तीनेच पुढे ढकललेला. अण्णारावांनी तो पाहिला, बोट लावले नाही, आणि मोबाइल मुकाट सिताबाईपुढे धरला.

सिताबाईने ग्रुपवर आवाज धाडायचे माइकचे बटण दाबले. मागे शेळ्या ओरडत होत्या. ती ठणकावून बोलली, “माउली, ज्यानं कुणी हे काढलंय त्याला सांगा. बोट लावणार न्हाय. खरं असंल तर सास्तूरला या. मुक्काम करा. भाकरी माझी, घोंगडी माझी. सकाळची धार बघू.”