चार किलो तीनशे

“वजन सांग. मत नंतर.”

असं म्हणून ते उजव्या हाताचं पहिलं बोट हुकासारखं वाकवायचे आणि समोरच्याच्या पिशवीकडे बघायचे. पिशवी बोटाला अडकवली की क्षणभर डोळे मिटून आकडा सांगायचे. “सहा किलो. किंचित वर.” मग खिशातून खरा काटा निघायचा. विमानाच्या बॅगा तोलायचा, हुकाचा, मुठीत मावेल एवढा. त्यावर सहा किलो दीडशे. बरोबर आलं म्हणून ते कधी हसले नाहीत. काटा खिशात गेला की विषय संपला.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, प्रत्येक सोसायटीत एक असतोच. फरक एवढाच, की आपण त्याला टाळतो. मीही टाळत होते.

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या आमच्या पंचवीस मजली ब्लॉकमध्ये ते माझ्या दोन मजले खाली राहायचे. साठी ओलांडलेली, एकटे. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम विभागात होते. म्हणजे दुसऱ्याने धोका पत्करायच्या आधी हे त्याला घाबरवणार. मी बुओना व्हिस्टाला एका कंपनीत कोड लिहिते आणि उरलेल्या वेळात लोकांना नको असलेली पत्रकं लिहिते. कॉलेजात पुण्यात सवय लागली, ती गेली नाही. तेव्हा मी घरकाम करणाऱ्या हेल्परच्या रविवारच्या सुट्टीबद्दल लिहिलं होतं आणि आपल्याच मराठी मंडळींत वाटलं होतं. आपल्या घरांत समतेवर छान गप्पा होतात. त्या चालू असताना स्वयंपाकघरात पोळ्या कोण लाटत असतं, ते कोणी बघत नाही. हे मी लिहिलं होतं, आणि लोकांना ते आवडलं नव्हतं.

एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात हे. हातात माझं पत्रक, त्यावर पेन्सिलच्या खुणा.

“इथे ‘असंख्य’ म्हटलंय. किती?”

“काका, ती लिहायची पद्धत असते.”

“इथे ‘प्रचंड’. किती?”

“तुमच्याकडे आहे का हेल्पर?”

“नाही. भांडी मीच घासतो. किती ते विचारतोय. आकडा असला की माणसाला पळता येत नाही. विशेषण असलं की पळतो.” पत्रक माझ्या हातात देऊन ते जिन्याने खाली गेले. लिफ्ट समोर उभी होती.

ते कधीच लिफ्टने जायचे नाहीत. कारण त्यांना किलिमांजारोवर जायचं होतं.

सिंगापूरमध्ये डोंगर नाही. एक टेकडी आहे, तिच्यावरही डांबरी रस्ता जातो. म्हणून ते पाठीवर तांदळाची पोती घेऊन पंचवीस मजले चढायचे आणि उतरायचे. दर शनिवारी सकाळी आठ फेऱ्या, दोन वर्षं. डावा गुडघा कुरकुर करायचा, त्याला पट्टा. मी विचारलं, “कशासाठी?” तर म्हणाले, “आयुष्यभर लोकांना ‘नको जाऊ’ सांगितलं. एकदा स्वतः जाऊन बघतो.” यापलीकडे त्यांनी कधी कारण दिलं नाही. पण ते बोलताना त्यांनी गुडघ्याचा पट्टा आणखी घट्ट आवळला. मला एवढंच कळलं, की या माणसाला हे फार हवंय.

मराठी मंडळींतले नऊ जण तयार झाले होते. ग्रुपवर बुटांचे फोटो, जॅकेटांच्या लिंका. मी तिथे एक लांबलचक संदेश टाकला. ‘आपलं सामान दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन आपण शिखर सर करणार, आणि फोटोत तो माणूस नसणार’, असं बरंच काही. त्या नऊ जणांतल्या मंदारने एक झोपलेला चेहरा टाकला. फक्त यांचं उत्तर आलं. “तिथे एका माणसावर वीस किलोच्या वर द्यायचं नाही असा नियम आहे. पाळला जातो का, ते बघायला ये. शनिवार, सहा वाजता, जिन्यापाशी.”

मी गेले, आणि तीन महिन्यांत त्या नऊ जणांतली दहावी झाले.

फेऱ्या संपल्या की खाली हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कोपी, म्हणजे इथली कॉफी. त्यांची बिनसाखरेची, काळी. मी पोर्टरांवर पत्रक लिहीत होते, ते खोडत होते. “‘अमानुष’ काढ. चोवीस किलो लिही.” मी चिडायचे. घरी येऊन मात्र त्यांचंच ठेवायचे. निघायच्या आधी त्यांनी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दहाही जणांच्या बॅगा तोलल्या. मंदारच्या बॅगेतून जास्तीचे बूट काढायला लावले. मंदार म्हणाला, “काका, कस्टममध्ये नोकरी होती का आधी?” सगळे हसले. माझी बॅग बरोबर भरली. मला अभिमानही वाटला.

आता मी काय केलं ते सांगते.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या एकीबरोबर आईने डिंकाचे लाडू पाठवले. दोन स्टीलचे डबे. ते बॅगेत गेले. छापलेली पत्रकं आली, इंग्रजीत, डोंगरावर भेटणाऱ्या इतर गिर्यारोहकांना वाटायला. तो गठ्ठाही गेला. मग डोंगराच्या गेटवर पोर्टरांचे भार तोलतात तेव्हा मी तेच केलं, जे आपण सगळे चांगी विमानतळावर करतो. काउंटरवर बॅग जड भरणार असं दिसलं की जड वस्तू हातातल्या पिशवीत घ्यायच्या, चेहरा साधा ठेवायचा. बॅग बेल्टवर गेली की झालं. कधीच केलं नाही अशांनी हात वर करा. लाडू आणि पत्रकं माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये, बॅग हलकी, गेट पार. पहिल्या दिवशी जंगलातून चढताना खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूत मी सगळं परत मोठ्या बॅगेत सरकवलं. मनात काहीच आलं नाही. मी लबाडी करते आहे असंही वाटलं नाही. हीच तर गंमत आहे.

तासाभराने मी बाहेर उभी होते. जोसेफ नावाचा आमचा पोर्टर, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, भार डोक्यावर घेताना गुडघ्यात लचकला. पुन्हा उचलला. मान थरथरत होती. माझं डोकं फिरलं. मी आमच्या मुख्य गाइडकडे गेले आणि सगळ्यांसमोर बोलले. “तुम्ही माणसांना जनावरं समजता. गेटवर एक वजन, इथे दुसरं. आम्हाला फसवता, यांना मारता.” आणखीही बोलले. गाइड गोरामोरा झाला. “मॅडम, माझ्या लोकांचं वजन मी स्वतः बघतो,” एवढंच म्हणाला.

“वजन सांग,” मागून आवाज आला.

काटा निघाला. दोघांनी मिळून भार उचलला. चोवीस किलोच्या वर.

“बघा!” मी म्हणाले. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

त्यांनी भाराचं पोतं सोडलं. आत दोन बॅगा, एक माझी. त्यांनी माझीच उघडली, बहुधा वाकवलेल्या बोटाने आधीच ओळखलं असावं. वरच डबे. डब्यांवर आईने नेलपॉलिशने माझं आडनाव लिहिलेलं. त्याखाली पत्रकांचा गठ्ठा, वरच्या पानावर ठळक अक्षरांत, ‘तुमचं ओझं कोण वाहतं?’

ते सगळ्यांकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे आत काय आहे ते फक्त मला, जोसेफला आणि गाइडला दिसलं. त्यांनी आडनाव तळहाताखाली झाकून डबे काढले, एकाचं झाकण किंचित उघडून बघितलं. गठ्ठा जॅकेटात गुंडाळला. उठून गाइडला म्हणाले, “माफ करा. हे लाडू माझे आहेत. काल रात्री मीच हिच्या बॅगेत ठेवायला दिलं. गुडघा दुखत होता.”

गाइडने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“काय हे काका!” मंदार ओरडला. “माझे बूट काढायला लावलेत आणि स्वतः लाडू?”

मी बोलायला हवं होतं. तुम्हीही हेच म्हणताय. मी नाही बोलले.

दुपारी एका खडकापाशी गाठून मी विचारलं, “का केलंत?”

“तुझा मुद्दा बरोबर आहे. आज तू उघडी पडली असतीस, तर वजनाबद्दल कोणी परत ऐकलं नसतं. मुद्दा वाचवला. तुला नाही.”

“मग मी सांगते सगळ्यांना.”

“ते तू ठरव.” आणि बोट वाकवून माझ्या सॅककडे दाखवलं. “पाणी पी. कमी पितेस.”

“द्या ना मग ते, मी घेते पाठीवर.”

“माझं म्हणून सांगितलंय. आता माझंच.”

त्या रात्री जेवताना त्यांनी सगळ्यांना कबूल करायला लावलं, की रोज सकाळी निघायच्या आधी प्रत्येक भार तोलायचा. कोणी कुरकुरलं नाही. चोरी पकडली गेलेल्या माणसाने प्रायश्चित्त म्हणून सुचवलं असं त्यांना वाटलं. जोसेफला मी विचारलं, जड होतं तर बोलला का नाहीस? तो म्हणाला, “जे बोलतात त्यांना पुढच्या वेळी बोलावत नाहीत.” हे वाक्य माझ्या पत्रकात नव्हतं. असायला हवं होतं.

पुढचे चार दिवस ते माझं ओझं घेऊन चालले. आधी उंच गवत, मग नुसते दगड. गाइड म्हणायचा, “पोले पोले.” हळू, हळू. ते त्याहूनही हळू. मी मागे राहायचे, पुढे जायचे, परत मागे. माझे पाय कुठेच टिकत नव्हते. लाडू वाटून हलके करा म्हटलं, तर प्रत्येक मुक्कामावर ते पोर्टरांच्या तंबूत जाऊन एकेक लाडू देऊन यायचे. कागद मात्र कोण खाणार? एका संध्याकाळी ते म्हणाले, “पुढच्या वेळी पातळ कागदावर छाप. कागद फार जड असतो.” टोमणा नव्हता. सूचना होती. म्हणून जास्त लागली.

शेवटच्या मुक्कामावर डावा गुडघा पावाएवढा सुजला. गाइडने बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघितला, तो ठीक होता. गुडघा दाबून बघितला, आणि दगडावर बसून म्हणाला, “निर्णय तुमचा.” वर शिखराची पांढरी कड दिसत होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली. दोन वर्षं, आठ फेऱ्या, पंचवीस मजले.

“नको जाऊ,” ते म्हणाले. स्वतःलाच.

आम्ही नऊ जण मध्यरात्री निघालो. मी शिखरावर पोचले. फोटो आहे, त्यात मी हसते आहे.

खाली गेटवर जोसेफने माझी बॅग माझ्या हातात दिली. “आज हलकी आहे, मॅडम,” म्हणाला. गाइडशी हात मिळवताना मी ‘सॉरी’ म्हटलं, पण इतकं हळू, की ते थँक्यूही असू शकलं असतं.

आणि इकडे गोष्ट पसरली. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला, कोणाच्या तरी वाढदिवसाला कॉन्डोच्या बार्बेक्यूपाशी. “लाडूवाले काका आले!” जगाची वजनं करणारा आणि स्वतःचं लपवणारा माणूस. मंदारची दहा वर्षांची मुलगी एकदा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “अंकल, यू चीट, लाह!” सगळे हसले. तेही हसले. त्यानंतर त्यांनी लोकांच्या पिशव्यांसमोर बोट वाकवणं सोडलं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. माझं पोर्टरांवरचं पत्रक मात्र चांगलं झालं. आकडे होते. लोक म्हणाले, ही मुलगी अभ्यास करून लिहिते.

आठ महिने मी रोज उद्या सांगू म्हणत होते. लिफ्टमध्ये चढताना त्यांच्या मजल्याचा आकडा पेटला नाही की सुटल्यासारखं वाटायचं. तो कसा पेटणार? ते जिन्याने जायचे. गुडघ्यामुळे आता प्रत्येक मजल्यावर थांबून.

मग बँकेतलं काम संपलं. ते कायमचे सांगलीला निघाले, भावाकडे. चांगीवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. त्यांच्या दोन बॅगा काउंटरवर चढल्या, दोन्ही अगदी ठरल्याएवढ्या, हातात एक रिकामीशी पिशवी.

“काका, लाडू कुठल्या बॅगेत?” मंदार म्हणाला. नेहमीचं हसू उठलं.

“लाडू माझे होते,” मी म्हणाले.

“कुठले?”

“डोंगरावरचे. डबे माझे, पत्रकांचा गठ्ठा माझा. गेटवर मी चांगीसारखं सॅकमध्ये घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जोसेफच्या डोक्यावर दिलं. काकांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी वर गेले, ते राहिले.”

हसू कुठे गेलं कळलं नाही. मंदार त्यांच्याकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. ते पासपोर्टची पानं सारखी करत होते.

“किती होतं?” त्यांनी विचारलं.

“चार किलो.”

“तीनशे.”

“चार किलो तीनशे.”

“हं.” त्यांनी पासपोर्ट खिशात ठेवला. “आता मत सांग.”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे विशेषणांची कधी कमी नव्हती, तुम्ही वाचताच आहात. एकही आलं नाही. ते थांबले. घड्याळ न बघता, खरंच थांबले.

“सुचलं की कळव,” ते म्हणाले. “थोडक्यात.”

आणि डावा पाय जपत, हळू, हळू, काचेच्या दरवाजातून आत गेले. मंदार अचानक पुढे झाला, “काका, पिशवी द्या, तिथपर्यंत मी...” पण तोपर्यंत ते पलीकडे गेले होते.