टाक्यावरचा दगड

कतारगामातलं ते दगडी घर आता पाडणार आहेत. शेठच्या आजोबांनी ते बांधलं, असं गल्लीत सगळे सांगतात. ते खरं नाही. गोष्ट शेठने पसरवली आणि पक्की मी केली.

त्या घराच्या तळमजल्यावर शेठचे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालायचे. मी जळगावकडून आलेला जॉबर. लूम बसवायचे आणि बिघडले की चालू करायचे, हे माझं काम. बायकोमुलांसह वरच्या खोलीत राहायचो. खोली शेठचीच.

मधल्या चौकात जमिनीखाली पावसाच्या पाण्याचं टाकं होतं. त्याच्या तोंडावर रुंद दगड आणि त्यावर गुजरातीत कोरलेली दोन नावं, नवऱ्याचं आणि बायकोचंही. चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये सगळे कारागीर गावी पळाले, मीही. मी परतलो तेव्हा शेठ म्हणाला, ते टाकं रोगाचं घर आहे, बुजवून टाक. चौकावर पत्रे घालू, आणखी लूम बसतील. मी राडारोडा भरून टाकं बुजवलं. लूमचा हादरा जिरावा म्हणून आम्ही त्याच्या पायाखाली जड दगड घालतो. हा दगड हाताशीच होता. कोरलेली बाजू वर ठेवली तर लूम डुगडुगला असता, म्हणून शेवटच्या लूमखाली पालथा घातला आणि वर फरशी बसवली. तेव्हा त्यात काही वाईट आहे असं वाटलं नाही.

उलटताना एक गोष्ट मात्र दिसली होती. अक्षरांच्या खाचांत जरीच्या तारा दाबलेल्या होत्या, काळ्या पडलेल्या.

पुढच्या हिवाळ्यात एक म्हातारी आली, सगळे तिला बा म्हणत; सोबत गल्लीतले दोन वडीलधारे. हे घर तिच्या आजी-आजोबांनी जरीच्या धंद्यावर बांधलं, तिच्या वडिलांनी शेठच्या वडिलांना ते फक्त वापरायला दिलं, असं तिचं म्हणणं. सगळा व्यवहार तोंडी. दोघा वडीलधाऱ्यांनी दोन्ही बाजूंकडून कबूल करून घेतलं होतं की टाक्यावर तिच्या माणसांची नावं निघाली तर शेठने घर सोडायचं.

लूम बंद केले. एवढी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती. म्हातारीने चपला काढल्या आणि लूमांच्या मधून चालू लागली. चालता चालता सांगत होती, दिवाळीनंतरच्या बेसत्या वर्षाला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, आजी दगडावर पाणी ओतायची आणि वर्षाची पहिली तार अक्षरांत दाबायची. शेवटच्या लूमपाशी ती थांबली. दगड तिच्या पायापासून हातभर लांब होता.

"बा, साडी सांभाळा," शेठ म्हणाला. "आजीची जरीची तार सापडेल न सापडेल, आमचं तेल नक्की लागेल."

कोणी हसलं नाही.

जुने कारागीर परतलेच नव्हते आणि नव्यांना टाकं माहीत नव्हतं. त्यामुळे वडीलधाऱ्यांनी मला पुढे बोलावलं. शेठने मला काही सांगितलं नाही, फक्त माझ्या खोलीच्या जिन्याकडे पाहिलं. जिन्यावर माझी बायको धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती.

म्हातारी म्हणाली, "भाई, लूम तू बसवलेस. खाली दगड होता की नाही, एवढंच सांग."

"नाही बा. नुसती माती होती."

"एखादी तारसुद्धा दिसली नाही?"

मी मान हलवली.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. "मग मीच लहानपणी काही भलतं पाहिलं असेन," असं म्हणून ती चपला घालायला वळली.

शेठने लूम सुरू करायला सांगितले. मी वर गेलो तेव्हा बायकोने ताट वाढलं नव्हतं. "खोटं काबर बोलनात तुम्ही?" ती म्हणाली. "त्या दगडवर मी भांडा घासेल शेतस." टाकं बुजवण्याआधी ती तिथेच भांडी घासायची.

ती खोली मी पुढे चार-पाच वर्षांत सोडली. म्हातारी वारली, शेठही गेला. शेठच्या मुलांनी घर विकलं. म्हातारीची नात कोसाडला राहते, तिला परवा जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजी शेवटी शेवटी स्वतःच्या कुठल्याच आठवणीवर विश्वास ठेवत नव्हती.

घर पाडणाऱ्यांनाही सांगून आलो आहे. चौकाच्या मागच्या भिंतीकडे शेवटचा लूम होता, तिथली फरशी उखडा. दगड पालथा आहे. उलटताना अक्षरांना पहार लावू नका, खाचांत तारा आहेत.