कंसांत राहणारे साडूभाऊ

पिंपरीपासून चाकणपर्यंत मी भंगारवाल्यापासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी घासाघीस केली आहे; पण साध्या प्रश्नाचं साधं उत्तर न देण्यात माझ्या साडूंचा हात धरेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. मी या भागात वेल्डर म्हणून आलो. आज तळवड्यात माझं वर्कशॉप आहे, गाड्यांचे पार्ट ठेवायच्या ट्रॉल्या आणि रॅक आम्ही बनवतो, आणि यातलं सगळं मी ओरडून मिळवलं आहे. साडूभाऊ तेवढे फुकट मिळाले, बायकोच्या धाकट्या बहिणीबरोबर. त्यांना मी ड्रॉइंगच्या कामाला बसवलं. साडूला कामावर ठेवू नये, कारण त्याला काढायचं तर आधी घरात परवानगी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

साडूभाऊंना लिस्प नावाच्या भाषेचं वेड. ही भाषा माणसांची नव्हे, प्रोग्रामची. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या पोटात चालते. दुसरे ड्राफ्ट्समन माउस धरून रेघा मारतात. साडूभाऊ रेघ मारत नसत. रेघ कशी मारावी हे कॉम्प्युटरला कंसांत लिहून देत. कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस. स्क्रीनवर कुणी नखं कापून ठेवल्यासारखं दिसे. एक कंस बंद व्हायचा राहिला की कॉम्प्युटर पुढचं काही न करता वाट बघत बसे, आणि त्याच्यासमोर साडूभाऊही. त्यांचं बोलणंही याच वळणाचं. "उशीर का?" विचारलं की निगडीचा सिग्नल उघडे, सिग्नलला भेटलेला मित्र, मित्राच्या मुलीचं लग्न, लग्नात बंद पडलेला जनरेटर, आणि मग जनरेटर, लग्न, मित्र, सिग्नल असं एकेक मिटत ते उशिरापाशी परत येत. एकही कंस उघडा राहत नसे. तोवर जेवणाची सुट्टी झालेली असे. चहासुद्धा ते लिस्पच्या रीतीनं क्रियापद आधी लावून मागत: "आण, चहा, दोन, बिनसाखरेचे." टपरीवाल्याची बरीच वर्षं समजूत होती की हे मिलिटरीतून रिटायर झालेत.

मेव्हण्याच्या लग्नात त्यांच्याकडे जिलेबी वाढायचं काम दिलं. परात घेऊन ते उभेच. "पहिल्याला वाढायचं, उरलेल्यांचं पुन्हा तेच करायचं, हे समजलं. पण थांबायचं कधी?" सासरे वैतागून म्हणाले, "संपली की थांबा!" साडूभाऊंनी हुकूम तंतोतंत पाळला. पहिल्याच पंगतीभोवती फिरत राहून त्यांनी जिलेबी संपवली आणि थांबले. व्याह्यांकडची दुसरी पंगत नुसत्या भातावर उठली.

धंद्यात हे कसं चालायचं? मी विचारायचो, "ड्रॉइंग आज होणार का?" ते विचारायचे, "साडूभाऊ, व्यवहारात विचारताय की तत्त्वतः?" व्यवहारात विचारलं तर म्हणत, "बघायलोय." तत्त्वतः विचारलं तर म्हणत, "काम संपेल का न्हाई हे प्रत्येक कामाच्या बाबतीत आधीच सांगता येईल अशी रीतच नाही. गणितानं सिद्ध झालंय." मी ओरडायचो, "हे चाकणच्या परचेसवाल्याला सांगू का? तुमचं गणित घालू का त्याच्या डोक्यात?" वर्कशॉपमधलं वेल्डिंगसुद्धा थांबायचं. साडूभाऊ शांतपणे पुढचा कंस उघडायचे.

असे आठ महिने घालवून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला: लांबी, रुंदी, उंची सांगा, ट्रॉलीचं ड्रॉइंग तयार. मी खूश. कारण पत्र्यात आणि पाइपात काही सुटत नाही, सुटतं ते डिझाइनच्या पैशात. एका मोठ्या कंपनीची ऑर्डर पक्की करायला आम्ही दोघं चाकणला गेलो. कोटेशनमध्ये मी प्रत्येक ड्रॉइंगला आठवडाभराच्या कामाचे पैसे धरले होते. परचेसवाल्यानं त्याची नेहमीची खेळी केली: भाव ठरल्यावर म्हणाला, "साईज जरा बदलू या." साडूभाऊंनी लॅपटॉप उघडला, तीन आकडे टाकले, नवं ड्रॉइंग समोर.

"किती वेळ लागतो हो याला?" त्यानं विचारलं. टेबलाखाली मी साडूभाऊंचा पाय दाबला.

"व्यवहारात विचारताय, की तत्त्वतः?"

"व्यवहारात."

"चहा निवेपर्यंत."

परचेसवाल्यानं लाल पेन काढलं आणि डिझाइनच्या रकमेवर आडवी रेघ मारली. ऑर्डर मिळाली, कमाई गेली. परतीच्या वाटेवर गाडीत साडूभाऊ म्हणाले, "त्यानं तत्त्वतः विचारलं असतं, तर मी आठ महिने सांगितले असते."

माझा राग इतका वर गेला की आवाज खालीच राहिला. मी हळूच म्हणालो, "उद्यापासून येऊ नका."

ते आले नाहीत. त्याच परचेसवाल्यानं त्यांना आपल्या कंपनीत डिझाइनला घेतलं. चूक त्यांची होती, हे मी आजही कुणालाही पटवून देईन. त्यांच्यानंतर ठेवलेले दोन ड्राफ्ट्समन मी एकदा ओरडताच निघून गेले. तिसरा हेडफोन लावून बसतो.

परवा मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं, कुरुळीला. पंगतीत नेमके शेजारी बसलो. न राहवून मी म्हटलं, "इतकी वर्षं काय काय बोललो मी तुम्हाला. चालते व्हा म्हणालो, तोंड दाखवू नका म्हणालो. तेव्हा हलला नाहीत. आणि त्या एका वाक्यावर गेलात?"

साडूभाऊ भात कालवत म्हणाले, "लिस्पमध्ये एक खूण असती. कशाच्याही आधी ती लावली, की ते चालवायचं नसतं, नुसतं जसंच्या तसं ठेवून द्यायचं असतं. तुमचा आवाज चढला की मी मनात ती खूण लावायचो."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्ही हळू बोललात."

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, कसं बोलायचं तेही आता समजलं होतं. पण तोंड उघडलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा मी ओरडलो, "सोमवारपासून गुमान कामावर या!"

दोघी बहिणी वळून बघायला लागल्या. साडूभाऊ गोड हसले, मान डोलावली आणि वाढप्याकडून आणखी थोडी आमटी मागून घेतली.

सोमवारी मी तरीही जरा लवकरच वर्कशॉपला गेलो.