बोर्डिंगातली खाट

राज्य नवं होतं. त्यामुळे कोण आपलं आणि कोण बाहेरचं, याचा निकाल चहाच्या हॉटेलातसुद्धा लागत होता. मी मारेगावला एका बोर्डिंगात राहून शिकत होतो. तिथे एक खाट रिकामी झाली आणि माझ्या वर्गातल्या बंजारा मित्रानं ती मागितली. त्याचा तांडा दोन कोसांवर, मध्ये नाला. पावसाळ्यात नाला भरला की त्याची शाळा बुडायची. यंदा खाट मिळाली नाही, तर वर्षच जाणार होतं.

बोर्डिंगाचे अध्यक्ष जिनिंगचे मालक. न्यायाची त्यांना फार आवड. ते म्हणाले, "जाहीर वादविवाद ठेवू. तांड्यावरचे लोक आपले, का पैनगंगेपलीकडचे, परराज्यातले? सभा म्हणंल तसं करू."

बोलायचं आम्ही दोघांनी. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. 'आपले' ही चिठ्ठी मला आली. 'पलीकडचे' ही मित्राला.

"आता कसं करतं?" मी विचारलं.

"हारतो. त्याले काय लागते? तू फक्त जित."

माझं लहानपण पत्रकं वाचण्यात गेलेलं. मी 'बंधूंनो' म्हणून सुरुवात केली. शोषणापासून निघालो, तो मानवतेपर्यंत पोचेस्तोवर पहिल्या रांगेतली माणसं झोपली होती.

मग तो उठला. हरायचंच होतं, म्हणून तोंडाला येईल ते बोलला. "आमी पलीकडचेच. आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ आणलं, तुमच्या आज्यानं ते खाल्लं. म्हंजे तुमचा आजाबी अर्धा पलीकडचा. आमाले काढा, पण आंधी त्याले काढा. आन् आमच्या बायांच्या कपड्याले आरसे असतात. त्यात पाहाल तं तुमचंच तोंड दिसते. असे आमी धोकेबाज."

सभा ओशाळेल असं मला वाटलं. सभेनं टाळ्या वाजवल्या. एक वकील उभे राहून म्हणाले, "मिठाचा मुद्दा गंभीर आहे. वारलेले आजे धरायचे की नाही?"

"वारलेल्यांना सूट," अध्यक्ष म्हणाले.

तो जिंकला. तांड्यावरच्या कोणाला बोर्डिंगात घ्यायचं नाही, असा ठराव झाला. लगेच अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "स्वतःच्या लोकांविरुद्ध इतकं खरं बोलणारा पोरगा आपल्याच बोर्डिंगात पाहिजे."

"पण ठराव?" मी विचारलं.

"ठराव तांड्यासाठी आहे. हा आपल्या बाजूचा."

रिकामी खाट सभा चालू असतानाच त्यांच्या भाच्याला देऊन झाली होती. म्हणून मित्राला माझी मिळाली. मी पलीकडच्यांची बाजू घेतली, तेव्हा मी पलीकडेच, तांड्यावर राहावं, असं ठरलं.

संध्याकाळी माझी पेटी त्यानंच डोक्यावर घेतली. तांड्याच्या प्रमुखानं, म्हणजे नायकानं, निंबाखाली म्हातारे जमवले. बंजारा नसलेल्याला ते 'कोर' म्हणतात. कोराला तांड्यात ठेवायचं का, यावर तिथेही वाद झाला. मित्र माझ्या बाजूनं गोरबोलीत बराच वेळ बोलला. मला काही कळलं नाही.

"काय बोलला रे?"

"तुह्यावालंच भाषण. समता, मानवता. म्हातारे झोपले."

"मग?"

"झोपल्यावर नाही कोन म्हनते?"

तो माझ्या खाटेवर गेला, मी त्याच्या खाटेवर राहिलो. नाल्याला पूर आला की शाळा सुटल्यावर तो त्या काठावर यायचा आणि दिवसाचा धडा ओरडून सांगायचा. मी या काठावर बसून लिहून घ्यायचो. वर्ष दोघांचंही वाचलं. भूगोल तेवढा पाण्याच्या आवाजात नीट ऐकू यायचा नाही.